संसर्गजन्य व्याधींची नोंद : चिकित्सेचेच एक अंग

वायू, जल, देश आणि काल दूषित झाले असता भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात, असे चरकसंहितेच्या जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात प्रतिपादिले आहे. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात कुष्ठ, ज्वर, शोष व नेत्राभिष्यंद हे एकाकडून दुसऱ्याकडे संक्रांत होणारे विकार म्हणून गणले आहेत. तेव्हा रुग्णाबरोबर त्याच्या सहवासातील माणसांचाही विचार करावा, हे वैद्यबंधूंना नव्याने सांगावयास नको. तरीही अशा रुग्णाची माहिती आरोग्य यंत्रणेस कळविण्याबाबत आपल्यात उदासीनता दिसते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले व ते महापालिकेपुढे मांडले. पुढच्याच वर्षी साथरोग कायदा झाला. साथीची पहिली चाहूल शासकीय कचेरीस नव्हे, तर वस्तीतील चिकित्सकास लागते, हे त्या घटनेचे मर्म आहे.

क्षयरोगाबाबत तर हे कर्तव्य आता ऐच्छिक राहिलेले नाही. ७ मे २०१२ च्या आदेशान्वये प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद बंधनकारक झाली. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने नोंद न करणे भारतीय दंड संहितेच्या कलम २६९ व २७० खाली शिक्षापात्र ठरविले. जुलै २०२४ पासून त्या कलमांची जागा भारतीय न्याय संहितेतील कलम २७१ व २७२ यांनी घेतली आहे.

परंतु केवळ शिक्षेच्या भयाने हे आम्ही लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी बेलपाड्यातील आमच्या चिकित्सालयात एक बांधकाम मजूर आला. तीन आठवड्यांचा कास, सायंकाळी ज्वर, शरीर कृश. कफतपासणीत क्षयाचे जंतू आढळले. "वैद्यबुवा, मालकाला कळलं तर खोली जाईल," असे तो काकुळतीने म्हणाला. आम्ही रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली, नोंद मात्र केली नाही. तो रुग्णालयात गेलाच नाही. चार महिन्यांनी त्याच खोलीतील त्याचा सोबती तसाच खोकत आमच्यासमोर बसला. आमच्या दयेचे मोल त्याने भरले होते.

नोंद केल्याने घरमालकास काहीही कळविले जात नाही. माहिती गोपनीय राहते. उलट रुग्णास मोफत तपासणी व औषधे मिळतात, आरोग्यसेवक सहवासितांची तपासणी करतात, आणि पोषणासाठी दरमहा साहाय्य मिळते. ते नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ऐवजी १००० रुपये झाले. रुग्णही आपल्यापासून तुटत नाही. आहार, अग्निरक्षण व बलवर्धन यांसाठी तो आपल्याकडेच येतो.

कृती सोपी आहे. नाव, वय, पत्ता, दूरध्वनी व निदान ही माहिती 'निक्षय' प्रणालीवर भरावी अथवा जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात द्यावी. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आल्यापासून आपल्या परिसरासाठी तिचा आरोग्य विभाग आहे. एकाच गल्लीत अतिसाराचे अनेक रुग्ण आले, किंवा पंधरा वर्षांखालील बालकाचा हातपाय अकस्मात लुळा पडला, तर निश्चित निदानाची वाट न पाहता त्याच दिवशी कळवावे. बालकाच्या मलाचे दोन नमुने लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत घ्यावे लागतात. तेथे आपला विलंब भरून निघत नाही.

केसपत्रावर औषधयोजनेखाली 'कळविले' हा एक शब्द व तारीख लिहिण्याची सवय आम्ही त्या प्रसंगानंतर लावून घेतली. आपणही ती लावून घ्यावी, ही विनंती.