प्रोटीनच्या डब्यात नायट्रोजन कुणाचा?

‘कॉन्सन्ट्रेट घेऊ की आयसोलेट? आणि कुठल्या कंपनीचं?’ बोनकोडे गावातल्या, रोज जिमला जाणाऱ्या एका तरुण वाचकाचा व्हे प्रोटीन पावडरबद्दलचा हा प्रश्न.

प्रकाराचं उत्तर सोपं आहे. चीज करताना रेनेट या विकराने दुधातलं केसीन हे प्रथिन साकळतं आणि हिरवट-पिवळं पाणी सुटतं. दुधातल्या प्रथिनांचा साधारण पाचवा हिस्सा या पाण्यात असतो. तेच व्हे. (घरच्या पनीरचं पाणी इथे फारसं उपयोगी नाही. दूध उकळताना व्हेची बरीचशी प्रथिनं केसीनला चिकटतात आणि पनीरमध्येच जातात. म्हणूनच व्हेची पावडर चीजच्या कारखान्याच्या आधाराने उभी राहते; मंचरच्या पराग मिल्क फूड्सचं ‘अवतार’ हे आपल्याकडचं उदाहरण.) हे पाणी गाळून सुकवलं की सुमारे 80 टक्के प्रथिनांचं कॉन्सन्ट्रेट मिळतं. आणखी गाळलं की 90 टक्क्यांचं आयसोलेट, त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नाममात्र. दूध पचत असेल तर आयसोलेटसाठी जादा पैसे मोजू नका. हायड्रोलायझेट, म्हणजे आधीच तोडलेली प्रथिनं, तर आणखी महाग आणि चवीला कडवट. ते सोडूनच द्या.

खरा पेच कंपनीचा आहे, आणि त्याची मुळं 1883 सालात आहेत. कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग बिअरच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांना धान्यातली प्रथिनं मोजायची होती. त्यांनी नमुना तीव्र गंधकाम्लात उकळला, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करून तो मोजला. त्या आकड्याला दुधासाठी 6.38 ने गुणलं की प्रथिनं हाती येतात. इतकी साधी, इतकी देखणी पद्धत की ती आजही वापरात आहे! पण ती मोजते नायट्रोजन. देवळाबाहेरच्या चपला मोजून आत किती माणसं आहेत ते सांगावं, तसं हे. कुणी चार जोड जास्तीचे आणून ठेवले तर?

प्रोटीनच्या डब्यात असा जास्तीचा जोड म्हणजे ग्लायसीन, एक स्वस्त अमिनो आम्ल. त्याचा 1 ग्रॅम या चाचणीत जवळपास 1.2 ग्रॅम प्रथिन म्हणून दिसतो. मेलामाइन या रसायनाचा 1 ग्रॅम तर चार ग्रॅमच्या वर. 2008 मध्ये चीनमध्ये बाळांच्या दुधात तेच मिसळलं गेलं आणि सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली. ‘मेडिसिन’ या नियतकालिकात 2024 मध्ये आलेल्या अभ्यासात भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रोटीन पावडरी तपासल्या होत्या. त्यांतल्या जवळपास 70 टक्के पावडरींत डब्यावरचा आकडा आणि आतला माल जुळत नव्हता.

अशा वेळी मला कमला सोहोनी आठवतात. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण 1933 मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेली, तेव्हा बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत; प्रवेश मिळवला आणि श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे केंब्रिजची पीएचडी. त्यांच्याबद्दल लिहिताना सगळे रामन यांच्या नकारापाशी थांबतात. मला त्यांचं नंतरचं काम जास्त मोलाचं वाटतं. 1966 मध्ये मुंबईत कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी उभी राहिली, तिच्या कामात त्या सक्रिय होत्या. केंब्रिजला शिकलेली जीवरसायनतज्ज्ञ बाजारातल्या मालाची भेसळ ओळखायला सामान्य गृहिणींना शिकवत होती! प्रोटीनच्या डब्यांना आज नेमकी अशाच माणसाची गरज आहे.

तर डबा हातात घ्या आणि उलटा करा. स्कूप 33 ग्रॅमचा आणि प्रथिन 24 ग्रॅम, म्हणजे 73 टक्के. किंमत डब्याची पाहू नका, प्रथिनाच्या ग्रॅममागे काढा. घटकांच्या यादीत ग्लायसीन किंवा टॉरीन वेगळं लिहिलेलं असेल तर तो डबा परत ठेवा. 25 ग्रॅम व्हे प्रथिनात ल्युसीन हे अमिनो आम्ल अडीच ग्रॅमच्या आसपास हवं. ते छापलेलं आहे का, बघा.

आणि आधी घरचं ताट मोजा. आयसीएमआरच्या हिशेबाने साध्या प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिन पुरतं. व्यायाम करणाऱ्याला थोडं जास्त लागतं. डाळ, अंडी, चणे आहेतच; आगरी-कोळी घरांतल्या सुक्या बोंबलांत तर सुमारे 60 टक्के प्रथिन असतं, फक्त मीठ सांभाळा. एवढं करूनही कमी पडत असेल तर साधं कॉन्सन्ट्रेट घ्या, पण दुकानदाराकडे त्या बॅचचा अमिनो आम्लांसह तपासणी अहवाल मागा. तो मिळाला नाही तर डबा घेऊ नका.