पद्मिनीची टाकी

वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. जहाज, विमान, मोटार, सगळं देशातच बनलं पाहिजे हा त्यांचा ध्यास. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या आणि नंतर फियाटच्या गाड्या निघाल्या. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा अनेकांना हुरहूर लागली. खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र अजून आहेत. त्या टिकवायच्या तर रंग आणि क्रोमच्या आधी पेट्रोलची टाकी बघायला हवी.

त्या काळात मोटारींच्या टाक्या बहुधा शिसं-कथलाचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याच्या असत. पितळी पातेल्याला कल्हई करतात तसाच हा थर, आणि तो उडाला की पत्रा उघडा पडतो. अर्धवट भरलेल्या टाकीतल्या मोकळ्या जागेत हवा असते. रात्री पत्रा गार झाला की त्या हवेतली वाफ आतून थेंबाथेंबाने धरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला जाऊन बसतं. म्हणूनच टाकी वरच्या बाजूने गंजते आणि तळाशीही. सुटलेली तांबूस भुकटी आधी जाळीत, मग पंपात आणि शेवटी कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकते. मिस्त्री कार्बोरेटर साफ करून देतो, गाडी थोडे दिवस नीट चालते आणि पुन्हा अडते. दुखणं टाकीत असताना औषध कार्बोरेटरला, असे कितीतरी पैसे वाया जातात.

आता यात इथेनॉलची भर पडली आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, आणि तेव्हा या इथेनॉलचा मोठा वाटा उसाचा होता. सोलापूर तर साखर कारखान्यांचा जिल्हा. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला खुद्द वालचंदांनीच कारखाना उभारला होता. उसाला हे नवं गिऱ्हाईक मिळालं याचा आनंद रास्तच आहे. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. १० टक्के मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी मावतं. त्याहून जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि तळाला बसतो, नेमका पेट्रोल ओढणाऱ्या नळीपाशी. शिवाय इथेनॉल जुना चिकट साका सोडवतं, शिसं-कथलाच्या मुलाम्यालाही त्रास देतं. जुन्या गाडीच्या मालकाला ही माहिती पंपावरच मिळायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

टाकी उतरवल्यावरचा पहिला नियम जिवाचा आहे. पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास असली तरी पेट घेते, त्यामुळे रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक. आत वाफ उरली असताना वेल्डिंग करताना टाक्या फुटून माणसं दगावली आहेत. बारीक भोक बुजवायचं असेल तर टाकी आधी साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावी आणि काम जुन्या, जाणत्या रेडिएटरवाल्याकडे द्यावं. तो उघडी ज्योत न लावता तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नने डाग देतो.

गंज काढायचा तर आधी फ्लोट आणि नळी काढून तोंडं बंद करावीत. आत मूठभर नट किंवा साखळीचा तुकडा टाकून टाकी सगळ्या बाजूंनी हलवली की सैल पापुद्रे निघतात. पत्र्याला चिकटलेल्या गंजासाठी आम्ल लागतं. हायड्रोक्लोरिक झटपट काम करतं, पण चांगला पत्राही खातं आणि धुतल्यावर काही मिनिटांत नवा गंज चढतो. मला सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, बरं वाटतं: संथ, स्वस्त आणि पत्र्याला सोसणारं. शेवटी फॉस्फरिक ॲसिडचा हात दिला तर पत्र्यावर लोह फॉस्फेटचा पातळ थर बसतो आणि टाकीला आतून देतात त्या अस्तराला पकड मिळते. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात लोखंडी गज सोडून बॅटरी चार्जर लावूनही गंज सुटतो. पण त्यात हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावरच करावं. आत सोडलेला लोखंडी गज टाकीच्या पत्र्याला लागू देऊ नये, आणि स्टेनलेस स्टीलचा गज तर मुळीच वापरू नये, त्याने पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.

गंज निघाला की लगेच अस्तर देण्याची घाई नडते. ओलसर किंवा तेलकट पत्र्यावर ओतलेलं अस्तर पुढे पापुद्र्यासारखं सुटतं आणि गंजापेक्षा वाईट कचरा करून ठेवतं. जुनी कित्येक अस्तरं इथेनॉलने मऊ पडतात, म्हणून इथेनॉल सोसणारं इपॉक्सीच घ्यावं आणि डब्यावर तसं लिहिलंय का ते बघून घ्यावं. टाकी पूर्ण कोरडी झाल्यावर अस्तर ओतायचं, टाकी सावकाश सगळ्या अंगांवर फिरवायची, उरलेलं काढून टाकायचं आणि हवेच्या नळीत फुंकर मारत राहायचं, नाहीतर ती बुजते. आतल्या आडव्या पत्र्यांमागे द्रव साचतो, तिकडे जास्त लक्ष द्यावं. मग डब्यावर सांगितलेले दिवस टाकी तशीच ठेवायची. भोकं नसतील आणि पत्रा जाड असेल तर अस्तर न देता नुसती स्वच्छ केलेली टाकी वापरणं मी जास्त पसंत करेन.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती रोजच्या वापरात आणता येत नाही. पहिल्या पद्मिनींची पन्नाशी नुकतीच उलटली आहे. अशा उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी काठोकाठ भरलेली असावी, म्हणजे आत हवा कमी राहते, आणि जुनं पेट्रोल महिनोन्‌महिने पडू देऊ नये. दुरुस्तीनंतर नळीत पारदर्शक फिल्टर बसवावा. त्यात पुन्हा तांबडी भुकटी दिसली, तर कार्बोरेटरला हात न लावता टाकीच उतरवावी.