चांदणी चौक : पूल पाडल्याने नव्हे, वाटा वेगळ्या केल्याने सुटलेला गुंता

पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री सुमारे 600 किलो स्फोटकांनी पाडला, हे सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण खरे काम त्या स्फोटाचे नव्हते. मुंबई-बेंगळुरू महामार्गावरची लांब पल्ल्याची वाहने आणि कोथरूड, बावधन, मुळशी, वारजे इथली रोजची वाहतूक एकाच ठिकाणी एकमेकांना छेदत होती, हे कोंडीचे मूळ होते. जुन्या पुलाखाली महामार्ग आक्रसत होता, म्हणून तो पूल हटवणे भागच होते. मात्र नुसता रुंद रस्ता केला असता, तर वळणाऱ्या गाड्यांनी पुन्हा सरळ जाणाऱ्यांना अडवलेच असते. 12 ऑगस्ट 2023 रोजी लोकार्पण झालेल्या प्रकल्पाने रॅम्प आणि सेवारस्ते देऊन प्रत्येक दिशेला स्वतंत्र वाट दिली. माझ्या मते यश आहे ते इथेच.

‘रॅम्पच्या जाळ्यात वाट चुकते’ ही तक्रार खरी आहे. त्यावर ठळक, वेळेआधी दिसणारे फलक हवेत. ‘कोंडी फक्त पुढे सरकते’ या आक्षेपातही तथ्य आहे, पण म्हणून इथला गुंता तसाच ठेवणे हा उपाय ठरत नाही. सगळ्यांत गंभीर प्रश्न पादचाऱ्यांचा. बसमधून उतरलेल्या माणसाला महामार्ग सुरक्षितपणे ओलांडता आला नाही, तर उद्घाटन झाले तरी प्रकल्प पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही. गाड्यांसारखीच पायी चालणाऱ्यालाही स्वतंत्र वाट मिळायलाच हवी.