सात बेटे, खानदेशचा कापूस आणि आपला बाजार

धुळे-जळगावचे कापड व्यापारी मुंबईच्या मुळजी जेठा किंवा मंगलदास मार्केटात खरेदीला जातात. पण ही मुंबई मुळात एकसंध जमीन नव्हती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी ती सात बेटे होती. भरतीला मध्ये समुद्र शिरे, ओहोटीला चिखल उरे. कोळी, आगरी, भंडारी लोक मासे, मीठ व नारळावर गुजराण करीत. पंधराव्या शतकात हजरत मखदूम अली माहिमी (रह.) यांच्यासारखे आलिम माहीमला होऊन गेले. म्हणजे वस्ती जुनी होती, मोठी पेठ मात्र नव्हती.

बेटावर शेती थोडी, गोडे पाणीही थोडे. दौलत एकच, पूर्वेकडील खोल व सुरक्षित बंदर. 1668 मध्ये ही बेटे वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर (1669-77) याने जाणले की नुसत्या बंदराने पोट भरत नाही, व्यापारी हवा. त्याने धर्माचे स्वातंत्र्य, संरक्षण व न्यायालय देऊन व्यापारी आणि कारागीर बोलावले. पुढे बनिया, पारशी, बोहरा, खोजा, मेमन येथे वसले. कोकणी मुसलमानांनी जहाजांच्या धंद्यात नाव काढले.

बांध व भराव घालून बेटे जोडली गेली. 1838 मध्ये कुलाब्याचा आणि 1845 मध्ये माहीम-वांद्रे रस्ता झाला. 1844 पासून कुलाब्याला कापसाचा बाजार भरू लागला. खानदेशचा कापूस आधी बैलगाडीने, पुढे रेल्वेने मुंबईला जाऊ लागला. 1865 मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धात (1861-65) भाव चढले आणि जळगाव कापसाची मोठी पेठ बनले.

आपले धुळेही असेच वाढले. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्ज याने तेथे मुख्य ठाणे केले व सवलती देऊन व्यापाऱ्यांना वसवले.

पेठ कायम एका जागी राहत नाही, हेही ध्यानात घ्यावे. बेटावर जागा अपुरी पडली, तेव्हा 1989 मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले. म्हणून गाळा, गोदाम किंवा माग घेताना केवळ स्वस्त जागा पाहू नये. मालाला रस्ता आहे का, पाणी आहे का, जान-माल सुरक्षित आहे का आणि तंटा झाल्यास इन्साफ मिळतो का, हे आधी पाहावे.

मक्केच्या खोऱ्यातही शेती नव्हती. सूरह कुरैशमध्ये हिवाळी व उन्हाळी सफरीबरोबर अन्न आणि अमन या दोन्ही नेमतींचा उल्लेख आहे. तिजारतीला आजही या दोन्ही लागतात.