गाणाऱ्या पक्ष्याचा श्वास दिसतो तेव्हा

थंडीच्या दिवसांत सकाळच्या शाळेला येणारी मुले तोंडाने ‘हा’ करून धूर काढण्याचा खेळ हटकून खेळतात. हाच खेळ एखाद्या पक्ष्याच्या चोचीपुढे चाललेला दिसला तर?

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, अलेक्झांड्रिया शहराजवळ, हंटली मेडोज पार्क नावाची पाणथळ जागा आहे. तेथे एका गारठलेल्या सकाळी कॅथरिन स्वोबोदा यांनी टिपलेल्या छायाचित्राला २०१९ सालच्या ऑडुबॉन छायाचित्र स्पर्धेत सर्वोच्च पारितोषिक मिळाले. चित्रातला पक्षी रेडविंग्ड ब्लॅकबर्डचा नर आहे: अंग काळेभोर, खांद्यावर लाल-पिवळा पट्टा, वजन जेमतेम ६०-७० ग्रॅम. तो चोच उघडून गातो आहे, आणि चोचीपुढे उजळलेल्या उच्छ्वासाची वलये तरंगत आहेत. मागे काळोखी झाडी आहे.

हे चित्र पाहून ‘गाणेच डोळ्यांना दिसले’ असे म्हणावेसे वाटते. पण खरोखर दिसते ते काय? हा प्रश्न वर्गात मांडला तर बाष्प, प्रकाश आणि ध्वनी हे तीन धडे एका चित्रात शिकवता येतात. आणि तिन्ही ठिकाणी आपल्या नेहमीच्या बोलण्यातली एकेक चूकही सापडते.

वाफ नव्हे, ढग

आपण ‘तोंडातून वाफ येते’ असे म्हणतो. परंतु पाण्याची वाफ, म्हणजे वायुरूप बाष्प, डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते बाष्पापासून बनलेले पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. चोचीपुढचा धूसर झोत म्हणजे एक छोटासा ढगच होय.

हा ढग कसा बनतो, ते आकड्यांनी पाहू. पक्ष्याच्या शरीराचे तापमान सुमारे ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. उच्छ्वासाची हवा चोचीबाहेर पडताना ३५ अंशांची व बाष्पाने संपृक्त आहे असे धरू. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ४० ग्रॅम बाष्प असते. बाहेरची हवा शून्य अंशाची आणि ९० टक्के सापेक्ष आर्द्रतेची असेल, तर तिच्या एका घनमीटरात सुमारे ४.४ ग्रॅम बाष्प असते. दोन्ही हवा समप्रमाणात मिसळल्या, तर मिश्रणाचे तापमान ढोबळमानाने १७.५ अंश होईल आणि त्यात घनमीटरला सुमारे २२ ग्रॅम बाष्प असेल. पण १७.५ अंशांची हवा सुमारे १५ ग्रॅमच बाष्प धरू शकते. जादा बाष्पाचे थेंब बनतात. संघननाच्या वेळी अप्रकट उष्मा बाहेर पडून मिश्रण काही अंशांनी तापते, त्यामुळे थेंबांच्या रूपातले पाणी ७ ग्रॅमपेक्षा बरेच कमी भरेल. पण ढग निश्चित बनेल.

आता हाच हिशेब २५ अंशांच्या, ५० टक्के आर्द्रतेच्या हवेसाठी करा. समप्रमाणातील मिश्रण ३० अंशांचे होते. त्यात सुमारे २६ ग्रॅम बाष्प असते, आणि ३० अंशांना हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते. थेंब बनतच नाहीत. पक्षी तोच, उच्छ्वासही तोच. पण दिसत काही नाही.

थंड हवेतील ढगही फार वेळ टिकत नाही. उच्छ्वासाच्या एका भागात बाहेरच्या हवेचे ९९ भाग मिसळले, की मिश्रण पुन्हा असंपृक्त होते आणि थेंबांचे बाष्प बनते.

मग तोच पक्षी गप्प बसलेला असताना श्वास इतका ठळक का दिसत नाही? शांतपणे श्वसन करताना हवा नाकपुड्यांतून जाते. आत येणाऱ्या थंड हवेने नासिकामार्गाची आतील बाजू गार होते. बाहेर पडणारी उबदार हवा त्याच बाजूवरून जाताना आपली उष्णता व काही पाणी तेथेच ठेवून जाते. पाणी वाचवण्याची ही युक्ती कॅक्टस रेन या वाळवंटी पक्ष्यातही आढळते. गाताना मात्र चोच उघडी असते आणि हवा जोराने थेट बाहेर पडते.

सूर्य पक्ष्यामागे हवा

‘सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढावा’ हा छायाचित्रणातला नेहमीचा सल्ला. येथे तो उलटा करावा लागतो.

उच्छ्वासातील थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा मोठे असतात. असे थेंब प्रकाशाचे विकिरण सर्व दिशांना सारखे करत नाहीत. बहुतांश प्रकाश ते मूळ दिशेपासून थोडासाच वळवून पुढे पाठवतात. म्हणून सूर्य पक्ष्याच्या मागे, किंचित बाजूला असला, की हा प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो. सूर्य आपल्या पाठीशी असेल, तर थेंबांकडून मागे फिरून आपल्याकडे येणारा प्रकाश अगदी थोडा असतो. उन्हाकडे तोंड करून पाहिल्यावरच कोळ्याचे जाळे झगमगते किंवा खिडकीच्या कवडशातली धूळ चमकते, हा आपला रोजचा अनुभव त्याच जातीचा आहे.

थेंब कितीही उजळले, तरी मागे पांढरे आकाश असेल तर ते त्यात हरवतात. म्हणून पार्श्वभूमी सावलीतली, गर्द हवी.

सकाळचीच वेळ का? सूर्योदयाच्या सुमारास तापमान सर्वांत कमी व सापेक्ष आर्द्रता सर्वांत जास्त असते. वारा बहुधा पडलेला असतो. सूर्य क्षितिजालगत असल्याने पक्ष्याच्या बरोबर मागे येऊ शकतो, आणि पक्ष्यांच्या गायनालाही हीच वेळ पसंत असते. व्हर्जिनियात वसंताच्या सुरुवातीला पहाटे चांगलाच गारठा असतो आणि तेव्हाच ब्लॅकबर्डचे नर आपापली हद्द राखण्यासाठी गाऊ लागतात. आपल्याकडे हा योग सहसा जुळत नाही. दयाळ ऐन भरात गातो तो उन्हाळ्यात, आणि कडाक्याची थंडी असते डिसेंबर-जानेवारीत.

वलये म्हणजे ध्वनिलहरी नव्हेत

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. चोचीपुढची वलये पाहून विद्यार्थी म्हणतील, “या ध्वनिलहरी!” ही समजूत दूर केली पाहिजे. ध्वनी शून्य अंशाच्या हवेतून सेकंदाला सुमारे ३३१ मीटर वेगाने जातो. ३००० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी सुमारे ११ सेंटिमीटर भरते. चोचीजवळची वलये त्याहून बरीच लहान व जवळजवळ असतात. शिवाय ध्वनीत हवा जागच्या जागी पुढेमागे हलते, तर वलयात हवाच प्रवास करते. अरुंद तोंडातून निघालेला झोत स्थिर हवेत घुसतो, त्याची कड मागे रेंगाळून आत वळते आणि वलय तयार होते.

मग हे चित्र गाण्याविषयी काहीच सांगत नाही का? सांगते. पक्ष्याचे स्वरयंत्र, म्हणजे सिरिंक्स, श्वासनलिकेच्या तळाशी, ती दुभंगते तेथे असते. बाहेर पडणाऱ्या हवेने त्यातील पडदे कंप पावतात. पक्ष्यांचे गाणे प्रामुख्याने उच्छ्वासावर चालते. कॅनरी पक्षी तर लांब तान घेताना दोन स्वरांमधल्या क्षणभराच्या फटीत इवलासा श्वास आत घेतो. चित्रात दिसते ती या गाण्यासाठी खर्च झालेली हवा. गाणे स्वतः अदृश्यच राहते.

वर्गात करून पाहा

पुठ्ठ्याच्या खोक्याच्या एका बाजूला वाटीएवढे गोल भोक पाडा. खोक्यात उदबत्तीचा धूर भरा व मागच्या बाजूवर थाप मारा. भोकातून धुराचे वलय निघेल. आता ३ मीटरवर पातळ कागदाची पट्टी टांगा आणि तिच्याजवळ एका विद्यार्थ्याला उभे करा. थापेचा आवाज त्याला सुमारे ०.०१ सेकंदात, म्हणजे जवळजवळ तत्क्षणी, ऐकू येईल; पट्टी मात्र वलय पोहोचल्यावर, उशिरा हलेल. ध्वनी आणि झोत यांतला फरक सांगायला मग वेगळे शब्द लागणार नाहीत.

दुसरा प्रयोग थंड सकाळी अंगणात करा. एका विद्यार्थ्याला ‘हा’ करायला सांगून इतरांनी त्याचा उच्छ्वास दोन बाजूंनी पाहावा: एकदा ऊन स्वतःच्या पाठीशी ठेवून, एकदा उन्हाच्या दिशेने. दुसऱ्या वेळी सूर्य झाडाच्या खोडाआड किंवा भिंतीआड झाकलेला असलाच पाहिजे. तापमानाची नोंद ठेवली, तर कोणत्या दिवशी उच्छ्वास दिसतो व कोणत्या दिवशी नाही याचा तक्ता महिनाभरात तयार होईल.

छायाचित्र घ्यायचे असेल तर

टेलिफोटो भिंग, भिंगावर छायाटोपी आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा शटरवेग येथे उपयोगी पडतो. काळा पक्षी व गर्द पार्श्वभूमी पाहून कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि जास्त प्रकाश घेतो, त्यामुळे उच्छ्वास पांढराफटक होतो. म्हणून प्रकाश एक-दोन टप्पे कमी ठेवून पाहावे. आपला स्वतःचा उच्छ्वास भिंगापुढे येऊ देऊ नये. गार कॅमेरा उबदार खोलीत आणला की त्यावर दव धरते. तो बाहेरच पिशवीत घट्ट बंद करून मग आत आणावा.

दोन गोष्टी विद्यार्थ्यांना आधीच बजावून सांगाव्यात. दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या भिंगातून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. डोळ्याला कायमची इजा होते. आणि ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला गायला लावू नये. तो आवाज त्याला प्रतिस्पर्ध्याचा वाटतो आणि थंडीच्या सकाळी, रात्रभर उपाशी असलेल्या त्या जिवाची शक्ती फुकट जाते. आपण लवकर पोहोचावे, लांब बसावे आणि वाट पाहावी. पक्षी गाणार असेल तर तो आपणहून गाईल.