लोणारच्या गाळातली मख्लूक

पापडाचे पीठ मळताना आपल्या घरात चिमूटभर पापडखार पडतो. असा खार आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या गोळा केला जात असे. डल्ला, खुप्पल, पपडी, भुस्की अशी त्याच्या प्रकारांना नावे होती. अकबर बादशाहच्या दरबारातले अबुल फजल यांनी ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचा हाल लिहिताना लोणारची दखल घेतली आहे. काच आणि साबण बनवायला लागणारे सगळे इथे मिळते आणि शोऱ्यापासून सरकारला महसूल येतो, असे ते नोंदवतात.

हे सरोवर उल्का आदळून झालेल्या सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीच्या खड्ड्यात आहे. चहूबाजूंनी काठावरून ओढे आणि झरे आत उतरतात, त्यातली गोमुखाची धार बारमाही गोड्या पाण्याची. आत आलेले पाणी मात्र बाहेर जात नाही. त्याची वाफ होते, खार मागे राहतो. म्हणून पाण्याचा सामू दहाच्या आसपास गेलेला. सामू एका अंकाने वाढला की अल्कधर्मीपणा दहापट होतो. म्हणजे साध्या, सातच्या पाण्यापेक्षा हजारपट! असे पाणी जिवंत पेशी कसे सहन करील? आणि तरीही त्याच्या तळाचा काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ जिवाणूंनी भरलेला आहे.

यांची युक्ती अशी. बाहेर कितीही खार असो, पेशीच्या आतला सामू ते बाहेरच्यापेक्षा बराच खाली ठेवतात. त्यांच्या आवरणात बारीक पंप असतात. ते सोडियम बाहेर ढकलतात आणि हायड्रोजनचे कण आत घेतात, रात्रंदिवस. नुसत्या डोळ्याला न दिसणाऱ्या मख्लूकलाही अल्लाहतआलाने असे कसब दिले आहे.

गाळात प्राणवायू जवळजवळ नाही. वरून मेलेले शेवाळ, पाने, ओढ्यांनी आणलेली माती तळाला बसते. काही सूक्ष्मजीव ते कुजवून मिथेन वायू तयार करतात, तर दुसरे तोच मिथेन खाऊन जगतात. हे मिथेन खाणारे कोण, ते पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे योगेश शौचे आणि ब्रिटनमधल्या वॉरविक विद्यापीठाच्या संशोधकांनी मिळून लोणारच्या गाळात शोधले. मिथेन हवा तापवणारा वायू असल्याने हे खाणारे कामाचे. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेला इथल्या पाण्यात एक नवाच जिवाणू सापडला. त्याचे नाव ‘सेसेम्बिया लोणारेन्सिस’: पहिला शब्द संस्थेवरून, दुसरा आपल्या लोणारवरून. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही इथले खारप्रेमी जिवाणू अभ्यासले. अशा जिवाणूंची विकरे अल्कधर्मी पाण्यातही काम करतात, म्हणून कपडे धुण्याच्या पावडरीत तशी विकरे घालतात. अबुल फजल यांचा साबण इथे पुन्हा आठवतो.

जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झाले तेव्हा मोबाइलवर नाना तर्क फिरले, काहींनी तर कयामतची निशाणी म्हटले. आघारकर संस्थेने पाणी तपासले. कडक उन्हाळ्याने पाणी आटून खार वाढला होता आणि त्यात खारप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले होते. जिवाणूंपासून वेगळा असा हा ‘आर्किया’ गट गुलाबी रंग तयार करतो. पुढे ते तळाला बसले आणि पाण्याचा रंग उतरला. निशाणी शोधण्याआधी पाणी तपासणारे लोक मला जास्त आवडतात.

गाळ आणखी एक काम करतो: वर्षांचा हिशेब ठेवतो. जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या सुष्मा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी तळातून दहा मीटर लांब गाळाचा नमुना काढून सुमारे 11,000 वर्षांचा पावसाचा इतिहास वाचला. त्यात गेलुसाइट नावाचे खाराचे स्फटिक सापडले. सरोवर फार आटले की ते बनतात. त्यावरून 4600 ते 3900 आणि 2000 ते 600 वर्षांपूर्वी असे दीर्घ दुष्काळ पडल्याचे दिसते. आपण एका वर्षाच्या पावसाने हवालदिल होतो, इथे शतके गेली.

आता चिंता उलटी आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये लोणारला रामसर दर्जा मिळाला. त्यानंतर पाण्याची पातळी चढली, काठची मंदिरे पाण्यात गेली आणि सरोवरात मासे दिसल्याच्या बातम्या आल्या. मासे म्हटले की आपल्याला बरे वाटते. पण गोडे पाणी आणि गावचे सांडपाणी वाढले की खार पातळ होतो, आणि खारावर जगणाऱ्यांचे घर जाते. असे घर जिल्ह्यात दुसरे नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेले आहे.

सरोवर अभयारण्यात आहे, तिथले पाणी किंवा गाळ बाटलीत भरून आणू नका. मुलांना खार दाखवायचा असेल तर घरीच दाखवा. हळदीच्या पाण्यात कागद भिजवून वाळवा आणि त्यावर पापडखाराच्या पाण्याचा एक थेंब टाका. पिवळा कागद लगेच लालसर होईल. मग त्यावर लिंबू पिळा.