संक्षिप्त लेखन : दोष कीं सोय ?

मोबाइलवरील निरोपांनीं मुलांचें मराठी बिघडत चाललें आहे, अशी तक्रार पालकांकडून वारंवार कानीं येते. शब्द अर्धे तोडलेले, विरामचिन्हांचा पत्ता नाहीं, ऱ्हस्वदीर्घाची पर्वा नाहीं, आणि अक्षरें तर बहुधा रोमन ! ही तक्रार खोटी नाहीं. तथापि दोष नेमका कोठें आहे, याचा विचार केल्यावांचून मुलांस बोल लावणें न्याय्य होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

शब्द तोडून लिहिणें हें कांहीं आजच्या पिढीनें काढलेलें खूळ नव्हे. ज्यांच्या घरीं आजोबांचीं पत्रें जपून ठेवलीं असतील त्यांनीं तीं काढून पाहावीं. आरंभीं 'ती.', मग 'शि. सा. न. वि. वि.', शेवटीं 'क. लो. अ.' आणि त्याखालीं 'ता. क.' ! शिरसाष्टांग नमस्कार विनंति विशेष, एवढा मजकूर पांच अक्षरांत उरकला जाई व त्यांत कोणास उर्मटपणा दिसत नसे. त्याहून मागें गेल्यास मोडी कागदांत दोन शब्दांमध्यें अंतरहि सोडीत नसत. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह इत्यादि चिन्हें इंग्रजीच्या सहवासानें आपल्याकडे रुळलीं. मेजर थॉमस कँडी यांचें 'विरामचिन्हांची परिभाषा' हें पुस्तक १८५० सालचें आहे. तारेचीहि तीच गोष्ट. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून जुलै २०१३ मध्यें आपल्या देशांतील तारसेवा बंद होईपर्यंत लोक तारेंत शब्दांची काटकसर करीत असत.

नव्या संक्षेपाचें मूळहि असेंच व्यावहारिक आहे. ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्यानें संगणकावरून एका मोबाइलवर नाताळच्या शुभेच्छा धाडल्या. तोच पहिला एस्. एम्. एस्. होय. अशा एका संदेशास १४० बाइट, म्हणजे ११२० बिट जागा असते. रोमन अक्षरास ७ बिट पुरतात, म्हणून तीं १६० मावतात. देवनागरी चिन्हास १६ बिट लागतात, म्हणून तीं अवघीं ७० मावतात. त्यांतहि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व पाय मोडण्याची खूण हीं सर्व निरनिराळीं मोजलीं जातात. 'विद्यार्थ्यांस' हा शब्द डोळ्यांस चार अक्षरांचा दिसतो, परंतु तो १४ चिन्हांची जागा अडवितो. म्हणजे एका शब्दांतच पंचमांश संदेश संपला! मर्यादा ओलांडली कीं दुसऱ्या संदेशाचे पैसे पडत. शिवाय पुष्कळ जुन्या मोबाइलांवर देवनागरी उमटतच नसे. अशा अडचणींतून मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहिण्याची रीत पडली.

या संवयीनें मुलांची बुद्धि मंदावते काय ? इंग्लंडांतील कॉव्हेंट्री विद्यापीठाच्या संशोधकांनीं १० ते १२ वर्षांच्या ८८ मुलांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध केले. ज्या मुलांच्या संदेशांत संक्षेपांचें प्रमाण अधिक होतें, तीं शब्दवाचनांत मागें नसून उलट पुढें आढळलीं. यांत फारसें नवल नाहीं. शब्द उच्चारानुसार तोडावयाचा तर त्याचा ध्वनि ओळखतां यावा लागतो. ही पाहणी इंग्रजी मुलांची असल्यामुळें ती मराठीस जशीच्या तशी लावतां येणार नाहीं. परंतु संक्षेप म्हणजे अज्ञान, ही समजूत तरी तिनें डळमळते.

मग काळजी कशाची करावी ? वाचणाऱ्याच्या गैरसमजाची. काल, काळ, कल आणि कळ हे चारहि शब्द घाईच्या रोमन लिपींत एकसारखेच लिहिले जातात. विरामचिन्हांचें तर विचारूंच नये. वसतिगृहांतील मुलास घरून निरोप आला, 'आई बरी नाहीं काळजीचें कारण'. 'आई बरी, नाहीं काळजीचें कारण' असें त्यानें वाचलें तर तो निश्चिंत झोपेल. 'आई बरी नाहीं, काळजीचें कारण' असें वाचलें तर रातोरात गाडी पकडील. एका स्वल्पविरामावर एवढें अवलंबून !

याच्या उलट प्रकारहि ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेंतील बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या १२६ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. मोबाइलवरील एका शब्दाच्या उत्तरापुढें पूर्णविराम असला, तर तें उत्तर त्यांना कमी मनापासूनचें वाटलें. हस्तलिखित चिठ्ठींत मात्र तसा भेद दिसला नाहीं. म्हणजे वडील जें शुद्ध लेखन म्हणून लिहितात, तें मुलास रागाचें वाटूं शकतें. आणि मुलगा जें आपुलकीनें तोडकें लिहितो, तें वडिलांस बेपर्वाईचें वाटतें. घरांतील कित्येक रुसवे अशा एका टिंबावरून उत्पन्न होत असतील !

पालकांस आमची विनंति अशी कीं, मित्रामित्रांतील संक्षेप पाहून संतापूं नये. विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, जागेची ती जुनी अडचण आतां उरलेली नाहीं. देवनागरी अक्षरें तुमच्या बोटांखालीं आहेत. मित्रास हवें तसें लिहा. परंतु उत्तरपत्रिका, अर्ज, वडील माणसांस पत्र, आणि ज्यावर कोणाचें औषध, पैसा किंवा प्रवास अवलंबून आहे असा कोणताहि निरोप पूर्ण शब्दांत, विरामचिन्हांसह लिहावा व धाडण्यापूर्वीं एकवार वाचावा. वाचणारा आपल्यासमोर नसतो. आपला चेहरा व आवाज त्यास लाभत नाहीं. ती उणीव भरून काढण्यासाठींच व्याकरण व विरामचिन्हें आहेत.